हिस्लॉप ते मेम्फिस

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडे पाहून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं. कृष्णवर्णीय अमेरिका आणि महाराष्ट्र यांना जोडणारे हे दोन दुवे आपल्या लेखनात, भाषणांत नेहमी येतात. तिसरा दुवा नागपुरात आहे, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे. १९५३ ते १९५६ या काळात सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात पंचविशीचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी होता. तो मुलांची उपासना चालवायचा आणि मैदानावर त्यांच्याकडून फुटबॉलचा, बास्केटबॉलचा सराव करून घ्यायचा. नाव जेम्स लॉसन. पुढे याच माणसाने नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अहिंसक लढ्याचं शिक्षण दिलं, मेम्फिसच्या कचरा कामगारांच्या संपाची सूत्रं सांभाळली आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना त्या संपात बोलावून घेतलं. ९ जून २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये लॉसन वारले.

लॉसन यांची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती त्यांच्या श्रद्धेच्या जातकुळीमुळे. गरिबांवर दया करणारे धार्मिक लोक जगात पुष्कळ. लॉसन यांची श्रद्धा मात्र सरावाची होती. शेजाऱ्यावर प्रेम कर, वैऱ्यावरही कर, ही ख्रिस्ताची आज्ञा त्यांनी शब्दशः मानली, आणि ती पाळायची तर अंगाला, जिभेला, डोळ्यांना आधी वळण लावावं लागतं, हे ओळखून त्या वळणाचे वर्ग भरवले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ चा, पेनसिल्व्हेनियातला. बालपण गेलं ओहायोतल्या मॅसिलॉन गावी. वडील मेथडिस्ट पंथाचे उपदेशक होते आणि कमरेला पिस्तूल लावून फिरत. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाचा जीव किती स्वस्त आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. आई जमैकाची, आणि हिंसेचा तिला मनापासून तिटकारा. लॉसन शाळकरी वयाचे असताना मोटारीत बसलेल्या एका गोऱ्या पोराने त्यांना वर्णावरून शिवी हासडली, तशी यांनी पुढे होऊन त्याच्या थोबाडीत दिली. घरी येऊन आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती चुलीपाशी काम करत होती. मागे वळूनही न पाहता तिने विचारलं की त्याने भलं काय झालं. याहून चांगली वाट असलीच पाहिजे. आयुष्याचं वळण तिथे मिळालं, असं लॉसन म्हातारपणीही सांगत.

कॉलेजात असताना गांधींचं वाचन झालं होतं, शांततावादी ख्रिस्ती संघटनेत जाणं-येणं होतं. मग कोरियाचं युद्ध आलं. विद्यार्थी म्हणून किंवा भावी धर्मोपदेशक म्हणून सैन्यभरतीतून त्यांना सहज सूट मिळाली असती. ती सूट मागणं म्हणजे भरतीचा कायदाच मान्य करणं, असं म्हणून त्यांनी भरतीचं कार्ड परत पाठवलं. शिक्षा झाली तीन वर्षांची. त्यांतले तेरा महिने त्यांनी तुरुंगात काढले. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनने त्यांना नागपूरला पाठवलं.

त्या वेळचं नागपूर मिशनऱ्यांसाठी सोपं ठिकाण नव्हतं. शहर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि १९५४ साली त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९५६ मध्ये आलेल्या अहवालाने मिशनऱ्यांवर कडक ठपका ठेवला. (इतिहासाची गंमत अशी की याच नियोगींनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, नागपुरातच, डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या वेळी बौद्ध धर्म स्वीकारला.) ज्या हिस्लॉप कॉलेजात लॉसन काम करत होते, ते १८८३ पासूनचं, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचं नाव त्याला दिलेलं. म्हणजे ख्रिस्ती माणसाने या देशात नेमकं काय करावं, हा वाद गावात जोरात असताना हा तरुण तिथे होता, आणि तो मुख्यतः शिकायला आलेला होता. त्याला गांधींच्या माणसांना भेटायचं होतं, सत्याग्रह प्रत्यक्षात कसा उभा राहतो हे समजून घ्यायचं होतं.

नागपुराहून वर्धा जवळ, आणि वर्ध्याशी कृष्णवर्णीय अमेरिकेचं नातं लॉसन येण्याआधीच जुळलेलं. १९३६ च्या अखेरीस बेंजामिन मेज वर्ध्याला येऊन गांधींना भेटून गेले होते. हेच मेज पुढे मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या हाताखाली किंग शिकले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हॉवर्ड थर्मन हे दुसरे कृष्णवर्णीय धर्मचिंतक बारडोलीला गांधींना भेटले होते. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित निग्रोंकडूनच मिळेल, अशा आशयाचं गांधी त्यांना म्हणाले होते. वर्ध्याच्याच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचा संसार मांडला होता. हे कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि आयुष्यभर खेड्यातल्या गरिबाच्या मिळकतीचा हिशेब मांडत राहिले. येशू आणि सत्याग्रह यांची सांगड विदर्भाच्या मातीत अशी आधीच घातली गेली होती.

डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बस बहिष्काराची बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रात आली. ती वाचून लॉसन खुर्चीतून उठले, टाळ्या वाजवू लागले, आनंदाने ओरडले. आपण ज्याची तयारी करत होतो ते आपल्या देशात सुरू झालं, आणि तेही किंग या समवयस्क पाद्र्याच्या पुढाकाराने. पुढच्या वर्षी ते परतले. ६ फेब्रुवारी १९५७ रोजी ओबर्लिन कॉलेजात किंगशी पहिली भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण पुरं करून दक्षिणेत येण्याचा आपला विचार लॉसन यांनी बोलून दाखवला, तर किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या, तुमच्यासारखा अनुभव असलेलं दुसरं कुणी आमच्याकडे नाही.

लॉसन नॅशव्हिलला गेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकता शिकता त्यांनी क्लार्क मेमोरियल या चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केले. लढ्याचा मुद्दाही त्यांनी आपल्या मनाने ठरवला नाही, लोकांना विचारला. बायकांनी जे सांगितलं त्यावरून दिशा ठरली. बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, पण दमल्यावर तिथल्या उपाहारगृहाच्या बाकावर टेकता येत नाही, लेकराला लघवीला न्यायला जागा नाही. राज्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या बायकांना वर्णभेद अचूक कळला होता, असं मला वाटतं. तो त्यांच्या पायांना आणि पोरांना भोगावा लागत होता.

मग सराव. काही मुलांनी गोरे गुंड व्हायचं, काहींनी बाकावर बसायचं. गुंडांनी शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही, पण मानही खाली घालायची नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत राहायचं. खाली पडलं तर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, सोबत्याला जास्त मार बसू लागला तर आपलं अंग मध्ये घालून तो कसा वाटून घ्यायचा, हे पुन्हा पुन्हा करून पाहायचं. सरावानंतर बसून बोलायचं की राग कुठे आला, भीती कुठे वाटली. त्या तळघरात डायन नॅश होत्या, जॉन लुईस होते, बर्नार्ड लाफायेट आणि जेम्स बेव्हल होते. अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीची पुढची फळी जवळजवळ इथेच घडली. ख्रिस्ती मुलं होती बहुतेक. डोंगरावरचं प्रवचन त्यांना लहानपणापासून पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट करायची कशी, हे ती आता शिकत होती.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी विद्यार्थी उपाहारगृहांच्या बाकांवर जाऊन बसू लागले. २७ तारखेला त्यांच्यावर हल्ले झाले आणि पकडलं गेलं मार खाणाऱ्यांना, ऐंशीहून अधिक जणांना. या दिवसांतला एक प्रसंग सांगतात. चामड्याचं जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन यांच्या अंगावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने तो दिला. लॉसन यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि त्याला विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? दोघं गाडीविषयी बोलू लागले. हा प्रसंग साधुत्वाचा चमत्कार म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं स्वतःच्या रागाला हाताळायची सवय केली होती, त्याला ऐन वेळी सुचलेली ती गोष्ट होती.

विद्यापीठाने मार्चमध्ये लॉसन यांना काढून टाकलं. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागाचे डीन आणि अनेक प्राध्यापक राजीनामे देऊन मोकळे झाले. ईस्टरच्या तोंडावर कृष्णवर्णीयांनी बाजारपेठेवर बहिष्कार टाकला आणि दुकानदारांचे गल्ले ओस पडले. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा महापौरांच्या दारात गेला, आणि डायन नॅशच्या थेट प्रश्नापुढे महापौरांनी कबूल केलं की हा भेद चूक आहे. १० मे रोजी सहा दुकानांचे बाक सर्वांना खुले झाले.

इथपर्यंतची कथा अनेकांना ठाऊक असते. पुढची, मेम्फिसची, मला जास्त मोलाची वाटते, कारण तिथे प्रश्न शेजारी बसण्याचा राहिला नाही, मजुरीचा झाला.

मेम्फिसचे कचरा कामगार जवळपास सगळे कृष्णवर्णीय. बरेचसे कापसाच्या मळ्यांवरून शहरात आलेले. घरांच्या मागच्या अंगणात जायचं, कचरा टबात भरायचा आणि टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचा. टब गळके, आतलं पाणी, अळ्या अंगावर ओघळत. कामाच्या ठिकाणी अंघोळीची सोय नाही. पगार तासाला १ डॉलर ६० सेंटच्या आसपास सुरू व्हायचा, म्हणजे कायद्याने ठरलेलं जेमतेम किमान वेतन. पूर्ण वेळ राबूनही अनेकांची कुटुंबं सरकारी मदतीला पात्र ठरत. पाऊस लागला की यांना दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठवायचं, गोऱ्या मुकादमांचा दिवस मात्र भरायचा. टी. ओ. जोन्स या कामगाराने संघटना बांधायला घेतली तेव्हा १९६३ मध्ये त्याला काढून टाकलं होतं. तो तरीही बांधत राहिला.

१ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोशाला गाडीच्या मागच्या भागात, कचरा दाबायच्या यंत्राजवळ शिरले. यंत्र जुनं, बिघडलेलं. ते आपोआप सुरू झालं आणि दोघेही त्यात चिरडून मेले. शहराने घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत.

महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवला. संघटनेला मान्यता द्यायला साफ नकार. २३ तारखेच्या मोर्चात पोलिसांनी कामगारांच्या आणि पाद्र्यांच्या तोंडावर रासायनिक फवारे मारले. लॉसन तेव्हा मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाद्री होते. त्यांनाही तो फवारा बसला. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या सुमारे १५० पाद्र्यांनी समिती स्थापन केली आणि अध्यक्षपदी लॉसन यांना बसवलं. वंशद्वेषाचं मूळ माणसाला माणूस न मानण्यात आहे, हे लॉसन सभांतून सांगत होते. पुढे संपकऱ्यांच्या गळ्यात पाट्या आल्या: ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे. क्लेबॉर्न टेंपल या चर्चमध्ये त्या छापल्या जात आणि रोज तिथूनच मोर्चा निघून नगरभवनाकडे जाई. बाजारपेठेवर बहिष्कार, दोन्ही वर्तमानपत्रांवर बहिष्कार, लोब हे नाव असलेल्या दुकानांवरही बहिष्कार. रात्री चर्चांतून सभा व्हायच्या आणि संपकऱ्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून वर्गणी जमायची.

अहिंसा म्हणजे गरिबाला गप्प बसायला शिकवणं, असा संशय आपल्याकडे आहे आणि तो उगाच नाही. पुणे कराराच्या आठवणी ज्या घरांत जिवंत आहेत, तिथे गांधींचं नाव निघालं की कपाळावर आठी पडते. हाच संशय १९६८ साली मेम्फिसच्या कृष्णवर्णीय तरुणांनाही होता. ‘इन्व्हेडर्स’ नावाचा त्यांचा गट लॉसनसारख्या पाद्र्यांना मवाळ म्हणायचा. मला त्यांचा राग समजतो. पण या संपात गप्प कोण बसलं होतं? शहराचा कचरा रस्त्यावर साचला होता, दुकानं ओस पडली होती आणि आजवर मान खाली घालून चालणारी माणसं रोज शहराच्या मुख्य रस्त्याने छातीवर पाटी लावून चालत होती. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनीही हात उगारला नव्हता. गप्प बसणं ते नव्हतंच.

लॉसन यांनी किंगना बोलावलं. किंग त्या वेळी सर्व वर्णांच्या गरिबांना घेऊन वॉशिंग्टनवर जायच्या मोहिमेच्या तयारीत होते. मेम्फिसमुळे ती मागे पडेल, असं त्यांच्या सहकाऱ्यांना वाटत होतं. किंग आले. १८ मार्चला मेसन टेंपलमध्ये पंधरा ते पंचवीस हजारांच्या सभेत त्यांनी एक दिवस सगळं शहर बंद ठेवण्याची हाक दिली. त्यासाठी ठरलेला २२ मार्चचा मोर्चा सोळा इंच बर्फ पडल्याने पुढे गेला आणि २८ ला निघाला, तो फिसकटला. मागच्या काही तरुणांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, लॉसन यांनी मोर्चा थांबवून लोकांना चर्चकडे वळवलं. त्या दिवशी लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. नॅशव्हिलच्या तळघरातून गेलेली मुलं आणि मेम्फिसच्या रस्त्यावर त्या सकाळी ऐनवेळी गोळा झालेली मुलं यांच्यात फरक श्रद्धेचा नव्हता. एकांनी महिनोन्‌महिने सराव केला होता. दुसऱ्यांना तो करायला कुणी वेळच दिला नव्हता. मोर्चा आवरायला स्वयंसेवकही अपुरे होते.

किंग पुन्हा आले, शांततेने मोर्चा काढून दाखवायलाच. ३ एप्रिलच्या रात्री बाहेर वादळ होतं. त्या रात्रीच्या भाषणात किंगनी लॉसन यांचं नाव घेऊन कौतुक केलं आणि यरीहोच्या वाटेवर जखमी माणसापाशी थांबलेल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली: मी थांबलो तर माझं काय होईल असं त्याने विचारलं नाही, मी थांबलो नाही तर याचं काय होईल असं विचारलं. दुसऱ्या संध्याकाळी लोरेन मोटेलच्या सज्जात किंगना गोळी घालून मारण्यात आलं. लॉसन यांनी त्या रात्री शांततेचं आवाहन केलं. देशात शंभराहून अधिक शहरं पेटली.

५ एप्रिलला शहरातले गोरे आणि काळे धर्मगुरू मिळून महापौरांकडे गेले. गोऱ्या धर्मगुरूंपैकी बहुतेकांना तोवर या संपाबद्दल फारसं काही बोलायचं नव्हतं. सेंट मेरीज कॅथीड्रलचे डीन विल्यम डिमिक वेदीवरचा क्रूस हातात धरून पुढे चालले. ज्यू धर्मगुरू जेम्स वॅक्स यांनी लोबना तोंडावर सुनावलं की शहराच्या कायद्यांहून मोठे कायदे असतात. लोब ऐकत बसले होते आणि त्यांच्या टेबलाखाली बंदूक ठेवलेली होती.

८ एप्रिलला किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्यामागे ४२ हजार माणसं मेम्फिसच्या रस्त्यांवरून चालली. अवाक्षर न बोलता. या वेळी स्वयंसेवकांना सूचना दिलेल्या होत्या, रांगा आखलेल्या होत्या; एक काच फुटली नाही. १६ एप्रिलला, संपाच्या ६५ व्या दिवशी, तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली आणि तासाला आधी दहा, मग आणखी पाच सेंट पगार वाढला.

लॉसन १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चला गेले, १९९९ पर्यंत तिथे पाद्री होते. किंगच्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रे याला ते तुरुंगात भेटत राहिले, १९७८ मध्ये त्याचं लग्नही त्यांनीच लावलं. रे दोषी आहे असं त्यांना वाटत नव्हतं. पण तो दोषी असता तरी तुरुंगातल्या माणसाला भेटणं ही मत्तयच्या शुभवर्तमानातली आज्ञाच आहे, आणि लॉसन आज्ञा निवडून पाळणारे नव्हते. इमारती झाडणारे, हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या बायका, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित विद्यार्थी हे त्यांचे नवे शिष्य. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला ते ‘मळ्याची भांडवलशाही’ म्हणत: गुलामी गेली, मालक आणि राबणारा यांच्यातलं नातं तेच राहिलं. १९९६ मध्ये त्यांनी इतर धर्मगुरूंबरोबर आर्थिक न्यायासाठी एक आंतरधर्मीय संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून, जगता येईल इतक्या वेतनाचा कायदा केला. १९९८ मध्ये या धर्मगुरूंनी आपापले धार्मिक झगे घालून बेव्हर्ली हिल्सच्या हॉटेलांवर मोर्चा नेला. कामगारांशी करार केलेल्या हॉटेलांना त्यांनी दूध आणि मध दिला, न केलेल्यांच्या दारात कडू पाला ठेवला. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएलांच्या गोष्टीतल्याच या वस्तू. या हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या मेक्सिकन बायकांना ती गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

ज्या विद्यापीठाने त्यांना हाकललं होतं, त्या व्हँडरबिल्टने २००६ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून सन्मानाने परत बोलावलं. ते गेले, शिकवून आले. मेम्फिसमध्ये मात्र हिशेब लांबला. १९६८ च्या कामगारांना शहराचं निवृत्तिवेतन मिळत नव्हतं. त्यांच्या वाट्याला फक्त केंद्र सरकारचा तुटपुंजा भत्ता येई, म्हणून सत्तरी उलटली तरी अनेक जण कचरागाडीवर जात राहिले. जुलै २०१७ मध्ये, संपानंतर ४९ वर्षांनी, हयात असलेल्या १४ संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं शहराने जाहीर केलं. त्यांतले काही जण त्या दिवशीही नोकरीवर होते.